पायरीमागे एक रुपया: चौरागडाची स्पॉन्सर चढाई कशी आखावी

नागपुरात चढण म्हणजे टेकडीच्या गणपतीच्या पायऱ्या, फार तर सेमिनरी हिल्सचा रस्ता. डोंगर पाहायचा तर शहर सोडावं लागतं. तरीही चढाईवर पैसे उभे करायला नागपूर वाईट जागा नाही, कारण इथल्या जवळजवळ प्रत्येक घरात कुणी ना कुणी पचमढीला ‘महादेवाला’ जाऊन आलेलं असतं. खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड, म्हणजे पचमढीतला महादेवाचा डोंगर, चढणारी माणसं विदर्भाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. त्यामुळे ‘मी चौरागड चढतोय, पायरीमागे एक रुपया देता का?’ असं विचारलं की कोणता डोंगर, किती उंच, किती दम लागतो, हे समजावत बसावं लागत नाही. पायऱ्या सुमारे १,३००, म्हणजे मागणं १,३०० रुपयांचं.

पद्धत साधी आहे. चढणारा आपला प्रवास, मुक्काम, जेवण स्वतःच्या खिशातून भरतो. त्याचे नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले लोक त्याच्या नावाने पैसे कबूल करतात. ते सगळे पैसे, एक रुपयाही बसभाड्याकडे न वळवता, ठरलेल्या कामाला जातात. चढाई एका सकाळची असते. पैशाचं काम मात्र आधीचे सहा आठवडे आणि नंतरचे दोन. नव्या गटांचा बहुतेक वेळ टी-शर्टच्या रंगावर जातो आणि कबुलीचा कागद आदल्या आठवड्यात घाईघाईने छापला जातो. क्रम उलटा हवा.

आधी काम, मग डोंगर

‘गरिबांसाठी मदत’ एवढ्यावर लोक शंभराची नोट देतात. ‘अमुक वस्तीतली अभ्यासिका वर्षभर चालवायची, चाळीस मुलं आहेत, एवढा खर्च आहे’ म्हटलं की देणारा आकडा विचारतो, आणि आकडा विचारणारा माणूस जास्त देतो. म्हणून पहिल्या बैठकीत एकच काम पक्कं करा आणि त्याचा खर्च कागदावर मांडा. समजा, धुणीभांडी करणाऱ्या आणि कचरा वेचणाऱ्या बायांच्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका आहे. हिशेब असा बसेल (दर आपापल्या वस्तीप्रमाणे बदला):

खोलीभाडं महिना ६,००० प्रमाणे ७२,००० रुपये. दोन शिकवणाऱ्या तायांचं मानधन प्रत्येकी ५,००० प्रमाणे वर्षाचं १,२०,०००. वह्या, पुस्तकं, दप्तर मुलामागे १,२०० प्रमाणे ४८,०००. रोजचा खाऊ, केळं किंवा उकडलेले चणे, मुलामागे १२ रुपये, २४० दिवस, म्हणजे १,१५,२००. वीज आणि साफसफाई महिना १,२०० प्रमाणे १४,४००. एकूण ३,६९,६०० रुपये.

यातला खाऊ काही जण पहिल्या झटक्यात कापायला निघतात. कापू नका. संध्याकाळी सहाला आई कामावरून परतलेली नसते, पोर दुपारपासून उपाशी असतं, आणि उपाशी पोर पाढे म्हणत नाही. खाऊ बंद झाला की हजेरी आपोआप रोडावते.

बसमध्ये ४८ माणसं धरली तर ६ कार्यकर्ते आणि ४२ चढणारे. ३,६९,६०० भागिले ४२, म्हणजे प्रत्येकाने ८,८०० रुपये हातात आणून द्यायचे. पण कबूल झालेला प्रत्येक रुपया हातात येत नाही. पाचातला एक बुडणार असं धरून चाला आणि प्रत्येकाला ११,००० च्या कबुलीचं लक्ष्य द्या. ११,००० ऐकून माणूस दचकतो, तेव्हा लगेच फोड करून दाखवा: पायरीमागे एक रुपया देणारे चौघे, म्हणजे ५,२००, पाचशे देणारे आठ, ४,०००, दोनशे देणारे नऊ, १,८००. एकवीस माणसं. मुलाच्या बारशाला यापेक्षा जास्त लोकांना फोन करतो आपण.

वर्गणीच्या रकमेत चढाईचा खर्च मिसळायचा नाही, म्हणून त्याचा कागद वेगळा. नमुन्यादाखल: बस ५२,०००, मुक्काम ३८,४००, जेवणखाण २८,८००, पचमढीतल्या जीपा १२,०००, विमा-प्रथमोपचार-छपाई ९,२००, आणि अडीअडचणीला ६,६००. बेरीज १,४७,०००, म्हणजे चढणाऱ्यामागे ३,५०० रुपये प्रवेशशुल्क. सहा कार्यकर्त्यांचा खर्च यातच आला आहे, आणि हे सगळ्यांना आधी सांगा, नाहीतर परतीच्या बसमध्ये कुणीतरी हा विषय काढतोच. शुल्क नाव नोंदवतानाच पूर्ण घ्या. ‘उद्या देतो’वाल्याची खिडकीची सीट अडते आणि ऐनवेळी तो येत नाही.

पैसा कुणाच्या खात्यात

स्वतःच्या बचत खात्यात नाही. मित्रांच्या गटाने मिळून लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ४१ क लागू होतं; गणपती मंडळं वर्गणीआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परवानगी काढतात ती याखालीच. तुम्हाला सोपा रस्ता असा की वस्तीत ते काम आधीपासून करत असलेली नोंदणीकृत संस्था गाठा, तिच्याशी एका पानाचा लेखी करार करा आणि पैसे थेट तिच्या खात्यात जाऊ द्या. करारात तीन गोष्टी हव्यात: पैसे फक्त या कामावर खर्च होतील, पावती संस्था देईल, आणि दर तीन महिन्यांनी खर्चाचा कागद मिळेल. संस्थेचं नोंदणीपत्र, गेल्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल आणि ८०जीचं (देणगीवर आयकरात वजावट देणारं) प्रमाणपत्र पाहून घ्या. प्रमाणपत्राला मुदत असते, ती तारीख वाचा.

८०जीबद्दल देणगीदाराला खोटी आशा दाखवू नका. नवी करप्रणाली निवडलेल्या पगारदाराला ही वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीतल्या माणसालाही २,००० रुपयांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही. मोठी रक्कम यूपीआय, चेक किंवा बँकेतूनच घ्या. वजावट हवी असेल त्याचा पॅन आणि पत्ता कबुली घेतानाच लिहून घ्या. मार्चमध्ये शंभर लोकांना पॅनसाठी फोन करणं ही शिक्षा आहे.

अनेक घरांत कुणीतरी अमेरिकेत असतं, आणि ते पहिल्यांदा हात वर करतं. तिथे थांबून विचारा: पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून, बँकेच्या नेहमीच्या मार्गाने दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. पण तिकडचं नागरिकत्व घेतलेला काका, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी, कायद्याच्या दृष्टीने परदेशी देणगीदार आहे, आणि त्याचे पैसे फक्त एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी असलेल्या संस्थेलाच, तेही ठरलेल्या खात्यातच घेता येतात. नोंदणी नसेल तर काकाला प्रेमाने नाही म्हणा. ‘बाबांच्या खात्यात टाकतो, ते देतील’ ही पळवाट तो स्वतःच सुचवेल. तीही नको.

हिंगणा, बुटीबोरी किंवा मिहानमधल्या कंपनीकडे जाणार असाल तर ‘चढाई स्पॉन्सर करा, बॅनरवर नाव टाकतो’ असा अर्ज नेऊ नका. जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या, खर्चात धरलं जात नाही. त्याऐवजी अभ्यासिकेचा वर्षाचा खर्च पुढे ठेवा आणि विचारा: चढणारे जेवढे जमवतील तेवढीच भर तुम्ही घालाल का? छोट्या दुकानदारांचा मामला निराळा आहे. किराणावाला १० किलो चणे देईल, छापखानेवाला पत्रकं फुकट छापेल. वस्तूरूपाने आलेलंही वहीत किमतीसह लिहा.

कबुलीपत्रक

सगळ्या उपक्रमाचा कणा हा एक कागद आहे. ए-४, आडवा, एका बाजूला बारा ओळी. रकाने: देणाऱ्याचं नाव, मोबाइल, कबुलीची पद्धत, जास्तीत जास्त एकूण रक्कम, दिली की बाकी, पावती क्रमांक, पॅन. चौथा रकाना ठळक छापा. उत्साहात कुणी ‘पायरीमागे दहा रुपये’ लिहून मोकळा होतो, गुणाकार करत नाही, आणि चढाईनंतर १३,००० ऐकून फोन उचलणं बंद करतो. चढणाऱ्याने त्याच्या समोर गुणाकार करून आकडा लिहायचा आणि तो त्याला वाचून दाखवायचा. माणूस तिथेच ‘अरे बापरे, दोनच रुपये धर’ म्हणाला तर उत्तम. २,६०० मिळतील, नातंही राहील.

पायऱ्यांचा आकडा पत्रकावर १,३०० असा ठरवून छापा. मोजत बसलं तर कुणाच्या १,२७० भरतात, कुणाच्या १,३४०, आणि देणारा चेष्टेत का होईना घासाघीस करतो.

पत्रकाच्या खाली एक ओळ हवीच: ‘चढायला सुरुवात केली की कबूल केलेली पूर्ण रक्कम देय.’ ही ओळ वसुलीसाठी कमी आणि जिवासाठी जास्त आहे. अर्ध्यातून परतलं तर पैसे निम्मे होतील असा नियम ठेवला, की छातीत कळ आलेला पन्नाशीचा माणूसही ‘मुलांचे पैसे बुडतील’ म्हणून दामटून चढतो. परत फिरणाऱ्याचं काहीही नुकसान होता कामा नये.

आता यूपीआय. संस्थेच्या खात्याचा क्यूआर पत्रकावर छापला की पैसे येऊ लागतात, पण कुणासाठी आले ते कळत नाही. लोक टीप लिहीत नाहीत. पैसे नवऱ्याच्या फोनवरून येतात, नाव भलतंच दिसतं. यावर नामी तोड म्हणजे शेपटीचा आकडा. प्रत्येक चढणाऱ्याला एक क्रमांक द्या आणि देणाऱ्याने रकमेच्या शेवटी तो जोडायचा. १७ क्रमांकाच्या मुलीसाठी पाचशे द्यायचे तर ५१७, पायरीमागे रुपया असेल तर १,३१७. बँकेच्या विवरणात शेवटचे दोन आकडे पाहिले की काम झालं. फक्त क्रमांक १ पासून सुरू करू नका, ११ पासून करा. आपल्याकडे ५०१ आणि १,१०१ देण्याची सवय एवढी पक्की आहे की ते सगळे पैसे बिचाऱ्या एक नंबरच्या खात्यात दिसतील. ४२ चढणारे, क्रमांक ११ ते ५२. तरीही १०० देणारा कुणी १११ पाठवतोच आणि तो खरंच अकरा नंबरचा की शुभ आकडा, हे फोन करून विचारावं लागतं.

ठरावीक रक्कम देणाऱ्यांकडून पैसे चढाईच्या आधीच घ्या. ‘झाल्यावर घे’ म्हणणारा चांगला असतो, पण झाल्यावर तो विसरतो. पायरीवाल्यांचे राहू द्या, त्यातच गंमत आहे.

रोख घेणाऱ्याला क्रमांक छापलेलं, दुहेरी प्रतीचं पावती पुस्तक सही करून द्या, आणि दर रविवारी रोख जमा करून घ्या. महिनाभर कपाटात राहिलेली रोख घरखर्चात मिसळते. चोरी कुणी करत नाही, पण हिशेब सुटतो.

तारीख, बस, मुक्काम

महाशिवरात्रीच्या आसपास चौरागडावर जत्रा असते, नागपंचमीच्या सुमारास नागद्वारची यात्रा. दोन्ही वेळा पचमढी माणसांनी भरलेली असते. नाताळ ते नवं वर्ष खोल्यांचे दर चढलेले. डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आणि लग्नसराई एकत्र आली तर चांगली बस मिळत नाही. उरतात ते नोव्हेंबरचा शेवट आणि जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीची सुरुवात, तेही महाशिवरात्रीची तारीख पंचांगात पाहून. यातला महिन्याचा शेवटचा शनिवार-रविवार धरा. आठवण करून देणारा निरोप मग एक ते सात तारखेच्या दरम्यान जातो, आणि तेव्हा पगार झालेला असतो. हा एक बदल वसुलीला दहा फोनांइतका उपयोगी पडतो.

रस्ता सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली असा, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. थांबे धरून बसला सहा-सात तास लागतात. रात्रीचा घाट नको. शनिवारी पहाटे पाचला निघा, दुपारी पोचा, संध्याकाळी जटाशंकरच्या गुहेपर्यंत पाय मोकळे करा आणि नऊला झोपा. बस ठरवताना मालकाला मध्य प्रदेशचा परमिट आणि टॅक्स कुणाकडे, हे लेखी विचारा. सीमेवर हा प्रश्न उभा राहिला तर ड्रायव्हर तुमच्याकडे बघतो. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटा आणि प्लास्टिकच्या पिशव्या. तर्रीपोहे नागपुरातच सोडून या, सकाळच्या नाश्त्याला साधी पोळीभाजी किंवा इडली.

पचमढीच्या भोवती सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे. एवढा मोठा गट येतोय हे वनविभागाच्या तिथल्या कार्यालयाला तीन-चार आठवडे आधी पत्राने कळवा आणि सध्याचे नियम, वेळा, कोणत्या गाड्या महादेवापर्यंत जातात हे विचारून घ्या. ड्रोन, फटाके, स्पीकर बंद. मंदिरावर किंवा झाडाला बॅनर बांधायचा नाही. फोटोपुरता हातात धरा.

ज्यांना दोन दिवस किंवा ३,५०० रुपये जमत नाहीत त्यांच्यासाठी रामटेक आहे. गड लहान, गाडी थेट वर जाते, म्हणून एका चढाईला कुणी पैसे देणार नाही. तिथे फेऱ्या ठेवा: आंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्यांनी वर, खाली, पुन्हा वर, फेरीमागे ५० किंवा १०० रुपये. पायऱ्या आदल्या आठवड्यात एकदा मोजून या. आजीही एक फेरी मारते, कॉलेजातला पोरगा आठ. त्रिपुरी पौर्णिमा आणि रामनवमी टाळा.

सराव

नागपूर सपाट असल्याने इथल्या रोज चालणाऱ्या माणसाचाही दम टिकतो, पण मांड्या आणि गुडघे तयार नसतात. फुटाळा तलावाच्या दहा फेऱ्यांनी चौरागड चढता येत नाही. जिना हवा. सहा मजली इमारतीत साधारण १२० पायऱ्या धरल्या तर अकरा वेळा चढणं म्हणजे १,३२०. पहिल्या आठवड्यात तीन फेऱ्या, मग दर आठवड्याला दोन वाढवा. पाचव्या आठवड्यात अकरा होतात. सहाव्यात आराम, फक्त चालणं. उतरतानाही जिन्यानेच उतरा. लिफ्टने खाली येणाऱ्याचा सराव अर्धाच होतो, कारण मांड्या खऱ्या भरून येतात त्या उतारावर. चौथ्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून रामटेकच्या दोन-तीन फेऱ्या करा. कोण मागे पडतं, कुणाचा बूट चावतो, कोण पाणी आणत नाही, ते तिथेच कळतं.

बूट नवे असतील तर निदान तीन आठवडे वापरलेले असावेत. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर उतरताना नखं काळी पडतात. मोजे जाडसर, दोन जोड.

नावनोंदणीच्या अर्जात रक्तदाब, साखर, दमा, हृदयविकार, अलीकडचं ऑपरेशन, गरोदरपण, चालू औषधं आणि घरच्यांचा नंबर हे रकाने असू द्या. हृदयाचा त्रास झालेल्यांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती. दोन दिवसांचा गट अपघात विमा काढा.

अभ्यासिकेतल्या मुलांना न्यायचं असेल तर चढणारे म्हणून न्या, प्रदर्शन म्हणून नव्हे. देणगीदारांच्या रांगेपुढे हार घालून उभं करणं, पत्रकावर फोटो छापून खाली ‘गरीब मुलगी’ लिहिणं असलं काही नको. पत्रकावर खोलीचा फोटो टाका, फळ्याचा टाका.

चढाईचा दिवस

थंडीत पचमढीचा पारा रात्री एकआकडी होतो आणि नागपूरकर स्वेटरवर स्वेटर चढवून निघतो. अर्ध्या तासात घामाने भिजतो, वर वारा लागला की हुडहुडी भरते. सुती बनियन, त्यावर शर्ट, त्यावर एक जाकीट. चालायला लागण्याआधीच जाकीट पिशवीत.

चढाई जिथून सुरू होते त्या बडा महादेवच्या मंदिरापाशी सात वाजता मोजणी. तिथून वरपर्यंत एका बाजूचं अंतर साधारण साडेतीन-चार किलोमीटर. आधी जंगलातली पायवाट, चढउतार, मग पायऱ्या. सहा कार्यकर्त्यांपैकी एक सगळ्यांत पुढे, एक सगळ्यांत मागे. पुढच्याच्या पुढे कुणी जायचं नाही, मागच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. उरलेले चौघे दहा-अकरा जणांच्या एकेका तुकडीबरोबर. मागचा माणूस सगळ्यांत तगडा निवडा; लोक उलट करतात, तगडा पुढे पळतो आणि मागे राहतो तो ज्याला स्वतःलाच दम लागलाय. नेटवर्कवर विसंबू नका. प्रत्येक तुकडीकडे नावांचा कागद, आणि चार ठिकाणी मोजणी: जीपमधून उतरल्यावर, पायऱ्या सुरू होताना, माथ्यावर, खाली.

परतीची वेळ आदल्या रात्रीच जाहीर करा: साडेदहा. जो जिथे असेल तिथून साडेदहाला खाली. पंचवीस पायऱ्या उरल्या असतील तरी? पंचवीसवर सूट द्याल तर पुढचा दोनशेवर मागेल.

पायऱ्यांवर चाल अशी: शंभर चढायच्या, एक मिनिट उभं राहायचं. बसायचं नाही, बसलं की पाय जड होतात. बोलता बोलता चढता येईल इतकाच वेग. बोलताना शब्द तुटायला लागले की हळू करा.

पाणी माणशी दोन लिटर. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं तर द्रावण दाट होतं आणि तहान वाढते, पोटही बिघडतं. अख्खं पाकीट अख्ख्या लिटरात. खायला तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ-शेंगदाणे, आणि संत्री तर आपलीच. सालं मात्र पिशवीत परत. खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका. प्लास्टिकचा चुरचुर आवाज माकडांना ओळखू येतो, ती थेट हातातून ओढतात आणि घाबरून मागे सरकणारा माणूस पायरीवरून पडतो. माकड ओढायला लागलं तर पिशवी सोडून द्या. कड्यावर आग्यामोहोळ दिसलं तर आवाज, धूर, अत्तर काही नको. गुपचूप पुढे निघा.

प्रथमोपचाराच्या दोन पेट्या, एक मधे आणि एक शेवटी: क्रेप बँडेज, चिकटपट्टी, कापूस, जंतुनाशक, ग्लुकोज, ओआरएस, कात्री. टाचेला चुरचुरलं की तिथल्या तिथे बूट काढून पट्टी लावा. ‘वर गेल्यावर बघू’ म्हटलेल्याचा फोड वर जाईपर्यंत फुटलेला असतो. ज्याचं औषध त्याच्याच खिशात. छातीत दुखणं, घाम फुटून गरगरणं, बोलणं अडखळणं असं काही दिसलं तर माणसाला तिथेच बसवा, चालवत खाली आणू नका, आणि नेटवर्क असलेल्या टप्प्यावर एकाला पाठवून १०८ लावा. हा टप्पा कुठे आहे ते आदल्या दिवशी पाहून ठेवायचं काम एका कार्यकर्त्याचं.

माथ्यावर प्रत्येकाचा एक फोटो, हातात क्रमांकाचा कागद. फोटो मिरवायला नव्हे, वसुलीला लागतो.

उतरायला वेळ कमी लागतो पण लचका-मुरगळा तिथेच होतात. काठी बरोबर असू द्या, पाय आडवा टाकून उतरा. एकला सगळे खाली, जेवण, अडीचला बस. नागपूर साडेनऊच्या सुमारास.

वसुली

सोमवारी सकाळी, बुधवारी नव्हे, प्रत्येक देणाऱ्याला माथ्यावरचा फोटो आणि निरोप गेला पाहिजे. चढणाऱ्याने स्वतः पाठवायचा, गटाच्या नावाने नाही. मजकूर एवढाच: ‘काकू, काल चौरागड चढले. पायरीमागे एक रुपया म्हणाला होतात, ते १,३०० झाले. माझा नंबर १७, म्हणून १,३१७ पाठवा. क्यूआर खाली आहे. पावती संस्थेकडून येईल.’ रक्कम स्पष्ट लिहा. ‘जमेल तसं द्या’ लिहिलं की जमत नाही.

दुसरी आठवण पगाराच्या आठवड्यात, तीही चढणाऱ्याकडूनच. तिसऱ्यांदा फोन, एकदाच. त्यानंतर ते नाव बाकीच्या रकान्यातून काढून टाका. पाचातला एक आधीच धरलाय ना. चौथ्यांदा मागून पैसे आले तरी तो माणूस पुढच्या वर्षी दार उघडत नाही.

खजिनदाराने रोज रात्री विवरण आणि पत्रकं जुळवायची. आठवड्याने बसलात तर शेपटीचे आकडेही कोडं होतात. चढाईनंतर पंधराव्या दिवशी हिशेब बंद. एका पानाचा कागद सगळ्या देणाऱ्यांना पाठवा: किती कबूल, किती आले, संस्थेच्या खात्यात किती, कोणत्या तारखेला, आणि खाली चढाईचा खर्च वेगळा. कमी जमलं असेल तर तसंच लिहा, आणि संस्थेशी बोलून वर्षाऐवजी दहा महिन्यांचं नियोजन करा, पण खाऊ तेवढाच ठेवून. अडीअडचणीच्या ६,६०० मधून काही उरलं तर ते चढणाऱ्यांचं आहे: प्रत्येकाला विचारा, परत हवं की अभ्यासिकेला. जे ‘अभ्यासिकेला’ म्हणतील त्यांची पावती त्यांच्या नावाने फाडा.